पार नदीच्या उगमाकडून जगाकडे

सहावी ते आठवीच्या वयातल्या मुलांसाठी जगाच्या इतिहासाचे साहित्य आज इंटरनेटवर भरपूर आहे. गिझाच्या पिरॅमिडांत शिरता येते, रोमच्या कलोझियमला फेरी मारता येते, लंडन आणि पॅरिसच्या संग्रहालयांतल्या वस्तू जवळून निरखता येतात. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेवर वसलेल्या सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळेतला मुलगाही रेंज असेल तेव्हा हे सगळे पाहू शकतो. त्याने ते जरूर पाहावे. मात्र या साहित्याची मांडणी पाहिली की एक गृहीत सतत जाणवते. इतिहास नाईल, टायबर आणि यांगत्सेच्या काठी घडला, आणि डोंगरातल्या मुलाने तो लांबून बघायचा आहे, असे ते गृहीत आहे. राज्याच्या अभ्यासक्रमातही सहावीला प्राचीन भारत, सातवीला शिवकाल आणि मराठेशाही, आठवीला आधुनिक भारत आहे. युरोपातले प्रबोधन, वसाहतवाद हे विषय नीट भेटतात ते थेट बारावीत, आणि तेही इतिहास विषय घेतला तरच. मधल्या वर्षांत जगाविषयीचे कुतूहल भागवण्याचे काम इंटरनेटच करते. म्हणून तिथे कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सुरगाण्यातल्या मुलाने जगाच्या इतिहासाची सुरुवात सुरगाण्यापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. यामागे स्थानिक अभिमान जपण्याचा हेतू नाही. हा मुलूख जगाच्या बाहेर कधीच नव्हता, आणि तसे सांगणारे पुरावे आता कोणालाही उघडून पाहता येतात, एवढेच त्यामागचे कारण आहे.

या वयाच्या मुलांना जगाचा इतिहास सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जवाहरलाल नेहरूंनी ऑक्टोबर १९३० मध्ये, मुलगी इंदिरा हिच्या तेराव्या वाढदिवसाला, नैनी तुरुंगातून पत्रमाला सुरू केली. ती १९३३ पर्यंत चालली आणि त्यातून जगाच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ उभा राहिला. तुरुंगात ग्रंथालय नव्हते. एच. जी. वेल्सचा ग्रंथ, स्वतःची टिपणे आणि स्मरणशक्ती यांच्या आधारावर ते लिहीत होते. मराठीत त्याच्याही आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले आणि १९२० साली निघालेल्या पहिल्या खंडाला ‘हिंदुस्थान आणि जग’ असे नाव दिले. आपला देश आणि जग यांचा संबंध आधी स्पष्ट करायचा, मग बाकीची माहिती द्यायची, असा तो क्रम होता. दोघांचेही ऋण मोठे आहे. तरीही त्यांच्या मांडणीत साम्राज्ये, क्रांत्या, धर्म आणि विचार यांना जेवढी जागा आहे, तेवढी घाटातल्या आणि जंगलातल्या माणसाला नाही. त्या काळात डोंगरी मुलखाविषयीची साधने सरकारी दप्तरांत आणि परदेशी ग्रंथालयांत बंद होती, हे त्यामागचे एक कारण. ते कारण आता उरलेले नाही.

सुरुवात नदीपासून करू. पार नदी सुरगाण्याच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेला वलसाडच्या बाजूने अरबी समुद्राला मिळते. अंबिकाही याच तालुक्यात, सापुताऱ्याच्या डोंगररांगेत कोटंबीजवळ उगम पावते. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख कोरलेला आहे. हा उषवदात क्षत्रप नहपानाचा जावई. आपण दिलेली दाने, बांधलेल्या धर्मशाळा यांची यादी त्याने या लेखात दिली आहे, आणि त्या यादीत काही नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. त्या नद्या अशा: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. पारादा म्हणजे आजची पार, दमण म्हणजे दमणगंगा, आणि इबा ही बहुधा अंबिका, असे अभ्यासकांनी मानले आहे. फ्रेंच पंडित सेनार यांनी केलेले या लेखांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात छापले आहे आणि तो खंड आज इंटरनेटवर मोफत वाचता येतो. सुरगाण्यातल्या मुलाने उपग्रहाच्या नकाशावर पार नदीवर बोट ठेवून समुद्रापर्यंत जायचे आणि मग तीच नदी जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीच्या दगडावर शोधायची, याहून चांगला इतिहासाचा पहिला धडा मला सुचत नाही.

हा धडा नाशिकपाशी थांबत नाही. उषवदात शक होता, आणि शकांचे मूळ मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात आहे. म्हणजे तिकडून आलेल्या टोळ्यांच्या वंशातला एक माणूस गोदावरीच्या काठी भिक्षूंसाठी लेणे कोरवतो आणि पारच्या पात्रात होडी ठेवतो. त्याचा सासरा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला अशा १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. एका राजाचा पराभव दुसऱ्याने कसा केला, हे सांगायला याहून थेट पुरावा कोणता? जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अशी नाणी पाहायला मिळतात आणि जुन्या मुद्रेवर नवी मुद्रा कशी बसली आहे ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघता येते. त्याच काळातल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची जी मार्गदर्शिका लिहिली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात भडोच बंदरात इटलीची दारू उतरते, पैठणहून मोठ्या प्रमाणात माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असे लिहिले आहे. त्या काळच्या तिथल्या राजाचे जे नाव तिच्यात आहे, ते नहपानाचेच असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. या गाड्या नेमक्या कोणत्या घाटाने उतरत, यावर एकमत नाही. त्या सुरगाण्यावरून गेल्या असे म्हणण्याची घाई करू नये. पण पैठण आणि भडोच यांच्यामध्ये सह्याद्री आणि सातमाळ्याचा हा सगळा डोंगराळ पट्टा पडतो, आणि तो ओलांडल्याशिवाय व्यापार होत नव्हता, एवढे नकाशाच सांगतो.

मध्ययुगाचा पुरावा तर तालुक्याच्या आतच आहे. सापुताऱ्याच्या वाटेवरच्या हातगडावर शके १४६९ चा, म्हणजे इ.स. १५४७ चा देवनागरी शिलालेख आहे. बागलाणच्या बागुल घराण्यातल्या भैरवसेन राजाने हा गड बळाने घेतल्याची नोंद त्यात आहे, आणि तिच्यात बुऱ्हाण निजामशाहाचेही नाव येते. हा अहमदनगरचा बुऱ्हाण म्हणजे इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारणारा सुलतान. ज्या वर्षी हातगडावर हे शब्द कोरले गेले, त्या वर्षांत कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज होते आणि इराणात सफवी घराण्याचे राज्य होते. गडावरच्या चार-पाच ओळी वाचताना मुलाला अहमदनगर, इराण आणि लिस्बन यांचा विचार करावा लागतो. गडावर जाऊन लेख पाहणे आणि घरी येऊन बुऱ्हाणाविषयी मराठी विश्वकोशात शोध घेणे, हे एकाच दिवसाचे काम आहे.

आतापर्यंतची साधने राजांची आणि व्यापाऱ्यांची होती. माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो शेतातून. सुरगाण्याच्या उतारावरची पिके कोणती, असे विचारले तर नागली, वरई, भात, उडीद आणि खुरासणी ही नावे पहिल्यांदा येतील. पावसाळ्याआधी राब जाळायचा, रोप टाकायचे, मग ते उपटून उतारावर लावायचे, ही नागलीची रीत इथे इतकी जुनी आहे की ते धान्य याच मातीतले आहे असे कोणालाही वाटावे. इथल्या कोकणा या आदिवासी समाजात कणसरी ही धान्याची देवता आहे आणि थाळीच्या साथीने तिच्या कथा रात्र रात्र गायल्या जातात. पण वनस्पतिशास्त्राचा निष्कर्ष स्पष्ट आहे: नागली मूळची पूर्व आफ्रिकेतली, इथिओपिया आणि युगांडाच्या उंच प्रदेशातली. तिचे रानटी भाईबंद तिथेच आहेत आणि माणसाने तिला पहिल्यांदा तिथेच शेतात आणले. खुरासणीही इथिओपियाचीच, तिथे आजही ती महत्त्वाचे तेलबी आहे. भाकर आणि चटणी असे साधे जेवण सुरगाण्याच्या पाड्यावर वाढले जाते, तेव्हा त्या ताटात आफ्रिकेच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांचे हजारो वर्षांचे काम असते. त्या चटणीत मिरची असेल तर अमेरिका खंडही आला, कारण मिरची कोलंबसानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे पोचली.

नागली भारतात कधी आली, हा प्रश्न तर मुलांना शिकवण्यासाठी फारच उपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर बदलत गेले आहे. कित्येक उत्खननांच्या अहवालांत चार हजार वर्षांपूर्वीची नागली सापडल्याचे लिहिलेले होते. पुढे डोरियन फुलर यांच्यासारख्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी ते जळालेले दाणे पुन्हा तपासले, आणि त्यातले बरेच दाणे नागलीचे नसून इतर बारीक तृणधान्यांचे किंवा गवतांचे असावेत, असे दाखवून दिले. काही नोंदी टिकल्या, बऱ्याच गळाल्या. आता इथे एक आक्षेप येऊ शकतो. बारा वर्षांच्या मुलाला असे वाद कशाला सांगायचे, त्याला आधी पक्की माहिती द्या, असे अनेक शिक्षक म्हणतील. त्यात तथ्य आहे; कालक्रम आणि नकाशा पक्का असल्याशिवाय वाद समजत नाही. पण नागली आणि सावा यांचे दाणे वेगळे ओळखणे ही या मुलांच्या हातची गोष्ट आहे. शहरातल्या पदवीधराला जे चित्र दाखवून समजवावे लागेल, ते इथल्या सहावीच्या मुलीला घरच्या कणगीतून दाखवता येते. जळालेला, फुगलेला दाणा ओळखताना तज्ज्ञाची गफलत कशी होऊ शकते, हे तिला चटकन पटेल. पुरावा तपासून मत बदलता येते, ही गोष्ट ज्या वयात समजेल त्या वयात समजू द्यावी. विद्यापीठापर्यंत ती राखून ठेवण्याचे कारण नाही.

पिकांचा हा प्रवास फक्त प्राचीन काळातला नाही. गेल्या काही वर्षांत बोरगाव, घागबारी, हातगड या भागात स्ट्रॉबेरी लागली आणि नाशिक-सापुतारा रस्त्यावर ती टोपल्यांतून विकली जाऊ लागली. तिची कथा कोणत्याही साहसकथेइतकी वेधक आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने अमेदे फ्रान्स्वा फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला १७१२ साली दक्षिण अमेरिकेत पाठवले. तिथल्या स्पॅनिश किल्ल्यांची माहिती काढणे हे त्याचे काम. चिलीत त्याने तिथल्या आदिवासींनी, मापुचे लोकांनी, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी पाहिली आणि १७१४ मध्ये परतताना काही रोपे बरोबर आणली. ती रोपे मादी होती, त्यामुळे एकटी असताना त्यांना फळ धरेना. पुढे उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जातीशी त्यांचा संकर झाला आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. हे कोडे अंत्वान दुशेन याने १७६६ साली उलगडले. एका आदिवासी समाजाने घडवलेले फळ एका हेराच्या हातून युरोपात गेले, तिथे बदलले, आणि आज दुसऱ्या खंडातल्या आदिवासी शेतकऱ्याला रोख उत्पन्न देते आहे. मापुचे कोण, त्यांची जमीन कोणी घेतली, ते आज कसे राहतात, हे शोधण्याची इच्छा सुरगाण्यातल्या मुलाला होणार नाही असे मला वाटत नाही. स्पेनच्या साम्राज्याचा धडा त्याला या वाटेने समजला तर तो लक्षातही राहील.

जंगलाचा इतिहास याहून कठोर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी कारागीर इंग्रजी आरमारासाठी सागाची मोठमोठी जहाजे बांधत होते. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरले. १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे आणि त्याच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते पाहता येते. या गोदीला साग प्रामुख्याने मलबारातून येई. तिथली जंगले तुटत गेली तशी इंग्रजांची नजर सुरगाण्याला लागून असलेल्या डांगाच्या सागाकडे वळली, आणि १८४२ मध्ये त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले. त्याबदल्यात राजांना ठरलेली रक्कम मिळू लागली. आहव्याला दरवर्षी भरणाऱ्या डांग दरबारात त्यांच्या वंशजांना मानधन देण्याची प्रथा अजून चालू आहे. त्याच १८४२ च्या ऑगस्ट महिन्यात, चीनमध्ये नानजिंगजवळच्या नदीपात्रात, पहिले अफू युद्ध हरलेल्या चीनने इंग्रजांशी तह केला आणि हाँगकाँग त्यांच्या ताब्यात दिले. तहावर सह्या झाल्या त्या मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर.

या ठिकाणी मोह होतो. आमच्या सागाच्या जहाजावर चीनचा तह झाला, असे वाक्य फार आकर्षक आहे आणि समाजमाध्यमांवर ते वेगाने पसरेल. पण जहाज १८१३ चे, भाडेपट्टा १८४२ चा. मध्ये २९ वर्षांचे अंतर आहे. त्या पट्ट्याने मिळालेला साग त्या जहाजात असणे शक्यच नाही. हे समजायला सातवीची वजाबाकी पुरते. स्थानिक इतिहासापासून सुरुवात केली की मुलांच्या मनात पोकळ अभिमान भरला जातो, सगळ्या जगाचा उगम आपल्या गावात दिसू लागतो, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो मी गंभीरपणे घेतो. महाराष्ट्रात असा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. पण त्यावरचा उपाय गाव वगळणे हा नाही. गावाच्या प्रत्येक दाव्याला तारीख, अंतर आणि साधन विचारणे हा त्याचा उपाय आहे. रोमच्या इतिहासातली चूक सुरगाण्यातल्या मुलाला पकडता येणार नाही, कारण त्याच्याजवळ ताडून पाहायला काही नाही. साग, नदी आणि नागलीविषयीची चूक त्याला पकडता येते. तपासण्याची सवय अशा ठिकाणी लागते आणि मग ती रोमपर्यंत नेता येते. डांगचा भाडेपट्टा आणि चीनचा तह या दोन घटनांमधला खरा संबंध या सवयीनेच दिसतो: समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या एकाच साम्राज्याला एकाच वर्षी चीनची बंदरे हवी होती आणि डांगाचे लाकूडही हवे होते.

जंगलाची ही कथा पुढे जर्मनीला जाते. हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक दीत्रिख ब्रांडिस हा बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात काम करून १८६४ मध्ये तो या पदावर आला. झाडे मोजायची, तोडीचे वेळापत्रक ठरवायचे, राखीव क्षेत्र आखायचे, ही जर्मन वनशास्त्राची पद्धत त्याच्या काळात इथे रुजली आणि १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारचे ठरले. खुद्द ब्रांडिसला गावकऱ्यांचे हक्क काही प्रमाणात टिकावेत असे वाटत होते, पण कायदा कडक मताच्या अधिकाऱ्यांच्या मनासारखा झाला. सुरगाणा हे देशमुखांचे छोटे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तिथल्या जंगलालाही १९२७ चा वनकायदा लागू झाला. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा आला तो २००६ मध्ये. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला, त्यात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती आणि वनजमिनीचे दावे निकाली काढा ही त्यांची एक मुख्य मागणी होती. ज्या मुलाच्या घरात वनजमिनीच्या प्लॉटच्या दाव्याचे कागद पिशवीत जपून ठेवलेले आहेत, त्याला वसाहतवाद हा धडा परका वाटायचे कारण नाही. त्याने केनियातल्या, ब्राझीलमधल्या, इंडोनेशियातल्या वनवासी समाजांची कथा शोधली तर तेच प्रश्न पुन्हा भेटतील: जंगल मोजले कोणी, नकाशा काढला कोणी, आणि त्यात राहणाऱ्याला कोणी विचारले.

साधने कोणाची, हा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८३ मध्ये निघालेले नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर आज ऑनलाइन आहे. सुरगाणा, शेजारचे पेठ आणि हातगड यांविषयी त्यात जेवढी माहिती आहे तेवढी एका ठिकाणी क्वचितच मिळते. पण ते राज्यकर्त्यांनी राज्य चालवण्यासाठी लिहिले. डिसेंबर १८५७ मध्ये त्र्यंबक, हरसूल, पेठ या पट्ट्यात कोळी, भिल्ल आणि ठाकर उठले, पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावाला फाशी दिले गेले. गॅझेटियरमध्ये हा बंदोबस्ताचा विषय आहे. उठणाऱ्यांना काय हवे होते ते त्यांच्या तोंडून कुठेच येत नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्स न्यूयॉर्कच्या एका दैनिकासाठी हिंदुस्थानातल्या उठावावर लेख लिहीत होता, आणि तेही लेख आता मोफत वाचता येतात. एकाच घटनेचे दोन दूरचे साक्षीदार, दोघांचाही त्र्यंबकच्या कोळ्याशी एका शब्दाचा संवाद नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा १९०७ चा खंड काढला तर त्यात कोकणा समाजाच्या कोकणी बोलीचे आणि डांगी बोलीचे नमुने सापडतात. हे नमुने म्हणजे बहुतेक ठिकाणी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट, कारण सगळ्या भाषांची तुलना करायला एकच मजकूर हवा होता. लोकांना त्यांची स्वतःची गोष्ट विचारलेली नाही. तरीही शंभर वर्षांपूर्वीची बोली तिच्यात टिकून आहे, आणि घरच्या आजीला ती वाचून दाखवली तर कोणते शब्द बदलले हे ती सांगू शकेल. साधन अपुरे असते, पक्षपाती असते, आणि तरीही उपयोगी असते, हे या तीन कागदांवरून मुलांना जितके चांगले कळेल तितके व्याख्येवरून कळणार नाही.

आता व्यवहारातला आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे. सुरगाण्याच्या कित्येक पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागते, घरात एकच मोबाइल असतो आणि तो दिवसभर बापाबरोबर कामावर जातो. अशा मुलांपुढे ऑनलाइन इतिहासाच्या गोष्टी करणे म्हणजे त्यांची थट्टा, असे कोणी म्हटले तर रागावता येणार नाही. पण मी सांगितलेल्या साधनांत सतत चालू नेट लागणारे फारसे काही नाही. शिलालेखाचे पान, नाण्याचे छायाचित्र, नकाशा, गॅझेटियरचे प्रकरण, हे सगळे एकदा उतरवून शाळेच्या एका संगणकावर ठेवता येते. कीविक्ससारख्या मोफत साधनाने संपूर्ण मराठी विकिपीडिया मेमरी कार्डावर मावतो आणि नेटशिवाय उघडतो. चलत्‌चित्रांनी भरलेली परदेशी संकेतस्थळे पाहायला जेवढा डेटा लागतो, त्याच्या लहानशा भागात या तालुक्याचा जगाशी असलेला सगळा संबंध मावेल. तेव्हा रेंज नसणे हे शासनाने दूर करावयाचे वैगुण्य आहेच, पण तोवर थांबून राहण्याचे कारण ते होऊ शकत नाही.

भाषेची अडचण मात्र मला रेंजपेक्षा मोठी वाटते. सेनारचे वाचन इंग्रजीत, पेरिप्लसचे भाषांतर इंग्रजीत, गॅझेटियर इंग्रजीत, फुलरचे निबंध इंग्रजीत. मराठी विश्वकोशाचा आधार मोठा आहे. पण विश्वकोश निष्कर्ष सांगतो, मूळ साधन समोर ठेवणे हे त्याचे काम नाही. यंत्राने केलेली भाषांतरे आता सुधारली आहेत, तरी नावे, नद्या आणि शक यांच्या बाबतीत ती हमखास घसरतात, आणि सहावीच्या मुलाला ती घसरण ओळखता येणार नाही. कोणी म्हणेल, मुलांना इंग्रजी शिकवा म्हणजे प्रश्न मिटेल. इंग्रजी शिकवावेच. पण ज्या मुलाची घरची बोली कोकणी आणि शाळेची भाषा मराठी, त्याला स्वतःच्या नदीचा उल्लेख वाचण्यासाठी तिसरी भाषा येईपर्यंत थांबायला लावणे अन्यायाचे आहे.

हे काम फार मोठेही नाही. उषवदाताच्या लेखाचे भाषांतर, पेरिप्लसमधली भडोच-पैठणची दोन पाने, हातगडाचा शिलालेख, गॅझेटियरमधली सुरगाणा आणि पेठची प्रकरणे, १८४२ च्या भाडेपट्ट्याची कलमे, ग्रिअर्सनच्या खंडातले बोलींचे नमुने: एवढे साहित्य सोप्या मराठीत, नकाशांसह आणि शक्य तिथे कोकणी बोलीतल्या टिपांसह, एका पुस्तिकेत बसेल. नाशिक जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे इतिहास विभाग, आदिवासी विकास विभाग आणि विश्वकोश मंडळ यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, ते मोफत उतरवून घेता येईल असे ठेवावे, आणि त्याची पहिली प्रत सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळांना द्यावी.